लहान हातांना मोठे व्हायोलिन नको

महोदय,

मुलांना व्हायोलिन शिकवताना बराच वेळ जातो तो चुकीच्या मापाच्या वाद्याने लावलेल्या सवयी मोडण्यात. वाढत्या अंगाचा सदरा घ्यावा, त्या हिशेबाने पालक मोठे व्हायोलिन आणतात. सदऱ्याच्या बाह्या तरी दुमडता येतात! इथे खांदा वर चढतो, मनगट वाकते, करंगळी तारेपर्यंत पोहोचत नाही, सूर चुकतो, आणि दोष मात्र मुलाच्या कानाला दिला जातो.

हे वाद्य साधारणपणे १/१६ पासून पूर्ण मापापर्यंत मिळते. (अर्धे माप म्हणजे लांबीने निम्मे नव्हे. पूर्ण व्हायोलिनचा पोकळ लाकडी भाग, मान सोडून, सुमारे १४ इंच, अर्ध्याचा साधारण साडेबारा.) वाद्य खांद्यावर ठेवून मुलाने डावा हात सरळ केला आणि टोकाचे वेटोळे तळहातात सहज मावले, की माप जमले. गजही, म्हणजे तारांवर ओढायची केस लावलेली काठीही, त्याच मापाचा हवा. हे दुकानातही अनेकदा विसरले जाते.

दुसरा मुद्दा सरावाचा. जपानी शिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत पालक वर्गात बसतात आणि घरचा सराव करून घेतात. मला ते पूर्ण पटते, फक्त लहानग्यांना तासभर जुंपू नये. दहा मिनिटे पुरतात, पण रोज. या वाद्याला पडदे, म्हणजे बोटांची जागा दाखवणाऱ्या पट्ट्या, नसतात, सूर कानानेच शोधायचा असतो. त्यात गजही सरळ चालवायला शिकायचे असते. त्यामुळे पहिले काही आठवडे गज घोडीला (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीला) समांतर ओढण्यातच गेले, तर ‘गाणे कधी वाजवणार?’ हा प्रश्न पालकांनी कृपया मुलासमोर विचारू नये.

– एक व्हायोलिन शिक्षिका