सुई चालेल, पुडीही चालेल, पण आत काय आहे ते आधी सांगा : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरची, आता पंधरा-सोळा वर्षं पुण्यात आहे, एका कंपनीत अकाउंट्स बघते. डॉक्टर नाही, वैद्य नाही, कुठल्याही पॅथीशी माझा धंद्याचा संबंध नाही. तेराव्या वर्षापासून पाळीच्या दुखण्याशी झगडतेय, त्यात जे भोगलं, जे वाचलं आणि घरात जे घडलं त्यावरून हे लिहितेय. तुम्हालाच का, तर ॲक्युपंक्चरचा, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराचा, कायदा तुमच्या खात्याकडे आहे आणि खात्याच्या नावातच 'औषधी द्रव्ये' आहे, म्हणजे सुईही तुमची आणि पुडीही तुमचीच.

आधी दुखण्याचं सांगते. दर महिन्याला दोन दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडायचं, उलट्या व्हायच्या, शाळेतल्या बाई म्हणायच्या जा घरी, आणि घरी आजी म्हणायची ओव्याचं पाणी घे, सगळ्यांचंच दुखतं. मग लग्न झालं की थांबेल, मग एक मूल झालं की थांबेल. लग्न झालं, मूल झालं, दुखणं तिथंच. चौतिसाव्या वर्षी एका डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून नीट विचारलं, की पाळी नसताना दुखतं का, संडासला जाताना दुखतं का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, आणि दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा कळलं एन्डोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो तो आजार. म्हणजे एकवीस वर्षं गेली नाव कळायला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा आजार असतो, जगात १९ कोटी, आणि तरी आपल्याकडे आजही 'पाळीत पोट दुखायचंच' या एका वाक्यावर पोरींना परत पाठवतात.

हार्मोनच्या गोळ्या मला सोसल्या नाहीत, डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी ॲक्युपंक्चरला गेले. ज्या ताईंकडे गेले त्यांनी पहिल्यांदा फाईल मागितली. सोनोग्राफीचे रिपोर्ट बघितले, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं, दिवस तर गेले नाहीत ना विचारलं, मगच हात लावला. सुईचं पाकीट माझ्यासमोर फाडलं. घोट्याच्या आतल्या हाडापासून वर चार बोटं मोजली, तीही त्यांची नाही, माझीच बोटं ठेवून मोजली, कारण म्हणे माप ज्याच्या त्याच्या अंगाचं असतं. या जागेला चिनीत सानयिनच्याव म्हणतात, तीन नाड्या भेटतात ती जागा, आणि गरोदर बाईला इथं टोचायचं नाही असा जुना नियम आहे. टोचलेलं कळलंसुद्धा नाही, पण त्यांनी सुई जराशी फिरवली तसं आतून काहीतरी जड, मुंग्या आल्यासारखं पायात पसरलं. त्या म्हणाल्या, जड वाटलं ना, मग बरोबर आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी सुया काढताना मोजल्या, घातल्या तेवढ्याच निघाल्या का बघितलं, आणि पांढऱ्या जाड डब्यात टाकल्या.

आठवड्याला एक, अशा बारा सिटिंग केल्या. दुखणं गेलं नाही, हे स्पष्ट लिहिते, पण दहापैकी आठ असायचं ते चारवर आलं, मी पाळीत ऑफिसला जायला लागले, पोराला शाळेतून आणायला लागले. बंद केल्यावर पाच-सहा महिन्यांनी हळूहळू परत वाढलं. नंतर वाचताना कळलं की चीनमध्ये एन्डोमेट्रिओसिसच्या १०६ बायकांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये छापून आला त्यातही असंच दिसलं होतं, नावापुरत्या टोचलेल्या खोट्या सुईपेक्षा खऱ्या सुईने दुखणं कमी झालं पण उपचार थांबल्यावर तो फरक टिकला नाही. आणि सगळीकडेच असं चांगलं दिसलेलं नाही. पीसीओएसच्या (आपण ज्याला पीसीओडी म्हणतो, पाळी अनियमित होते तो त्रास) हजार बायकांवर चीनमधल्याच २१ हॉस्पिटलांत मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापला, मूल होण्यासाठी सुयांचा उपयोग होतो का बघायला, तर नाही झाला. पाळीच्या साध्या पोटदुखीवर ४२ अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या, अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं की पुरावा कच्चा आहे, ठाम काही म्हणता येत नाही. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय, कारण मला आराम पडला म्हणून सगळ्यांना पडेल असं म्हणणारी बाई मला व्हायचं नाही, आणि 'सगळं थोतांड' म्हणून माझे ते बरे गेलेले महिने कुणी पुसून टाकावेत हेही मला चालणार नाही.

सोलापूरची असल्यामुळे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ॲक्युपंक्चर म्हटलं की लोक लगेच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतात, त्यांनीच ते भारतात आणलं म्हणतात. कोटणीस आमचे, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पण कोटणीस सर्जन होते, युद्धातल्या जखमी सैनिकांची ऑपरेशनं करता करता ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच गेले. ही विद्या इकडे आणली त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, १९५० च्या दशकाच्या शेवटी परत चीनला जाऊन, शिकून, आणि ती रुजली कलकत्त्यात. कोटणीसांबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर नसलेलं काही कुणी खपवू नये असं वाटतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

माझी मावशी एकावन्न वर्षांची, पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं गाऊन ओला होतो, झोप नाही. तिच्या हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे रोज वॉरफरिनची, म्हणजे रक्त पातळ करायची, गोळी चालू आणि महिन्या-दीड महिन्याने आयएनआर तपासणी, रक्त किती पातळ झालंय ते बघायची; आकडा जितका जास्त तितकं रक्त पातळ. मला बरं वाटलं हे ऐकून तीही तिच्या गावात एकीकडे सुया टोचून घ्यायला गेली. मी तिला सोबत गेले नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तिथं सुया कमी आणि गोळ्या जास्त. झिपच्या प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत काळ्या, मिरीएवढ्या, उग्र वासाच्या गोळ्या, 'चायनीज हर्बल, हार्मोन बॅलन्स होतील, साइड इफेक्ट शून्य' असं तोंडी सांगितलेलं, सकाळी आठ रात्री आठ. पिशवीवर ना नाव, ना घटक, ना कंपनी, ना बॅच, ना तारीख, फक्त स्केचपेननं 'एल-२' लिहिलेलं. कुठली औषधं चालू आहेत हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही, कारण हर्बल म्हणजे काढाच की, त्याचं काय सांगायचं.

तीन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना, दंडावर जांभळे डाग. आयएनआर ६.८ आला, तिचा तो ३ च्या आसपास ठेवतात. कॅज्युअल्टीतल्या त्या तरुण डॉक्टरनं पिशवी उजेडात धरून विचारलं, मावशी यात काय आहे? आणि आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. तोही काय करणार, गोळ्या बंद करा म्हणाला, वॉरफरिन दोन दिवस थांबवलं, व्हिटॅमिन के दिलं, उतरला आयएनआर. बायकांच्या तक्रारींसाठी चिनी औषधात फार वापरलं जाणारं डांग क्वाई नावाचं एक मूळ आहे, ते वॉरफरिनबरोबर घेतलं तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं हे वैद्यकीय पुस्तकांत लिहिलेलं आहे. त्या पिशवीत तेच होतं का? मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

साहेब, वनस्पतीचं नाव नेमकं असणं किती महत्त्वाचं ते बेल्जियममधल्या बायकांना विचारा. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या. त्यात हान फांग-ची नावाचं मूळ हवं होतं, नावातल्या सारखेपणामुळे त्याच्या जागी ग्वांग फांग-ची आलं, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या, कितीजणी डायलिसिसवर गेल्या, किडनी बदलावी लागली, नंतर काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. एका नावाची चूक. आणि दुसऱ्या बाजूला याच चिनी परंपरेतल्या एका वनस्पतीतून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन निघालं, तू यूयू बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं, ते मिळालं कारण त्यांनी वनस्पती ओळखली, अर्क काढला, तपासला, आधी स्वतः घेऊन बघितला. म्हणून चिनी औषध वाईट असं मी म्हणत नाही. त्यांच्या कितीतरी काढ्यांत जेष्ठमध असतं, आपल्या आज्यांच्या बटव्यातलंच, पण तेही फार दिवस घेतलं तर बीपी वाढवतं हे बीपीच्या पेशंटला कळायला नको का?

पाळीत आपण सगळ्याजणी मेफेनॅमिक ॲसिडची दुखणं थांबवायची गोळी घेतो, अगदी सहज. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या, औषधांच्या त्रासावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं त्या गोळीबद्दल इशारा काढला, की काहींना अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांपर्यंत जाणारी गंभीर ॲलर्जी होऊ शकते, लक्ष ठेवा. हा इशारा निघू शकला कारण गोळीला नाव आहे, त्रास झाला तर कळवायची व्यवस्था आहे. आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांसाठी ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्यात वेगळं प्रकरण आहे, लायसन्स लागतं, लेबलवर घटक लिहावे लागतात. चिनी औषधाचं त्या प्रकरणात नावच नाही. मग 'एल-२' ची नोंद कुणाकडे करायची?

सुईचं मात्र तसं नाही. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, २०१५ चा, परिषद आहे, नोंदणी आहे, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानंही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. देशातल्या फार थोड्या राज्यांनी असा कायदा केला, त्यात आपण आहोत, याचा मला अभिमान वाटतो. पण मावशीच्या गावातल्या बाईला समोरचा माणूस नोंदणीतला आहे की चार दिवसांचं शिबिर करून आलेला, हे दारातच कळलं पाहिजे. नोंदणी नंबर पाटीवर मोठ्या अक्षरात, मराठीत, आणि तो फोनवर टाकला की नाव-शिक्षण समोर, एवढं सोपं करा. छातीवर चुकीची सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडतं, परत वापरलेल्या सुईनं कावीळ होते, म्हणून म्हणतेय.

आणि पुडीचं असं करा की घटकांची नावं, वनस्पतीच्या शास्त्रीय नावासकट, लिहिलेली नसतील तर राज्यात कुणीही ती पेशंटच्या हातात देऊ नये, मग तो चिनी असो, देशी असो. तुमच्या खात्यातल्या एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, लोकांना नमुने उचलायला लावा, जड धातू, स्टेरॉइड, ॲरिस्टोलोकिक ॲसिड एवढं तरी तपासा. १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे, त्यात बायकांच्या पाळीचे विकार दुरुस्त करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे, कलम ३, आणि तरी माझ्या मोबाईलवर रोज 'पीसीओडी मुळापासून बरा, ९० दिवसांत' दिसतं. कायदा नवा नको, आहे तो चालवा.

बायका अशा पुड्यांकडे का जातात हे बीडला जाऊन बघा. ऊसतोडीच्या बायकांचं २०१९ मध्ये सरकारनंच सर्वेक्षण केलं, ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, कितीतरी चाळिशीच्या आतल्या. पोट दुखतं, अंगावर जातं, फडात पाण्याची सोय नाही, एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, मग कुणीतरी सांगतं पिशवी काढून टाक, कटकट नको. तिथं कुणी आधी नीट विचारलं असतं, सोनोग्राफी केली असती, इन्फेक्शनचं औषध दिलं असतं, तर किती पिशव्या वाचल्या असत्या? त्या बायकांना सुया टोचा असं मी म्हणत नाही, त्यांना आधी पाणी, संडास, भरपगारी सुट्टी आणि बाईडॉक्टर पाहिजे.

म्हणून माझी मागणी अशी की प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आठवड्यातून एक दिवस फक्त पाळीच्या आणि ओटीपोटाच्या दुखण्याची ओपीडी ठेवा. आधी निदान, मग उपचार, आणि तिथंच, त्याच फाईलवर, नोंदणीकृत ॲक्युपंक्चरिस्ट बसवा. कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेनं २०२१ मध्ये, ज्याचं वेगळं कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी, ॲक्युपंक्चरचा विचार करा सांगितलं, पण एकच कोर्स, जास्तीत जास्त पाच तासांचा, अशी मर्यादा घालून. तशीच मर्यादा आपण घालू, आलेल्या प्रत्येक बाईचं दुखणं आधी किती, नंतर किती, लिहून ठेवू, दोन वर्षांनी आकडे बघू आणि उपयोग नसेल तर बंद करू. मला खासगीत बारा सिटिंगचे पैसे भरता आले, माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंना नाही येणार, आणि त्यांचंही माझ्याएवढंच दुखतं.

मावशीची ती झिपची पिशवी माझ्याकडे आहे, त्यात अजून एकोणीस गोळ्या शिल्लक आहेत. लॅबला पाठवायची सोय करत असाल तर कळवा, एक दिवस रजा काढून मी स्वतः मंत्रालयात आणून देते.

आपली,
सोलापूरची एक लेक, सध्या मुक्काम पुणे