आप्पास पत्र : वादळ, कॅल्क्युलेटर आणि तियामत

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार. कसा शे भो?

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मळ्यात होतो आणि रेंज येत-जात होती. तू चिडून म्हणालास, "एवढे उपग्रह सोडले, तरी वादळ कोणाच्या शिवारात घुसणार ते सांगता येत नाही? त्यापेक्षा आखाजीला भेंडवळला घट मांडून पावसाचं भाकीत करतात ते बरं!" याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं.

आधी इकडचं सांगतो. वादळात शेजारच्या मळ्यातली निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळीची बाग झोपली. खोडं मधूनच मोडलीत, घड मातीत, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. बांधाच्या अलीकडे माझी केळी उभी आहे, नुसती पानं फाटून चिंध्या झाल्यात. वारा तोच, लागवड एकाच मृगातली, वारा अडवायला शेवरीची रांगही दोघांच्या बांधाला. गावात म्हणतात, ज्याचं त्याचं नशीब. मला ते पुरत नाही.

कारण समजून घ्यायचं तर मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढ. ०.३ ही संख्या घे. तिला एकातून वजा कर, जे येईल त्याला ०.३ ने गुण, मग ४ ने गुण. ०.८४ येईल. आता ०.८४ घेऊन पुन्हा तेच. असं दहा वेळा कर. मग सगळं पुसून ०.३०१ पासून सुरुवात कर. तिसऱ्या फेरीपर्यंत दोन्ही जोडीने चालतात, एकीकडे ०.९९४ तर दुसरीकडे ०.९९६. दहाव्या फेरीला मात्र एक ०.०४ वर आणि दुसरी ०.६२ वर! नियम एकच, त्यात नशिबाला कुठे जागाच नाही, तरी सुरुवातीचा हजारावा भाग हलला आणि पुढचं सगळं बदललं. रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी १९७६ साली हेच सूत्र किडींच्या संख्येला लावून दाखवलं. कीड वाढली की खायला कमी पडतं, म्हणून पुढच्या वर्षी घटते, आणि वाढीचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की हिशोबच लागत नाही. आपल्या बोंडअळीची चार सालं आठव.

हवामानात हे आधी सापडलं ते हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झना, १९६१ मध्ये, अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात. संगणकावर हवेचं गणित चालू होतं. मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ घातला, कॉफी प्यायला गेले, आणि परत येऊन बघतात तर हवामान भलतंच. १९७२ च्या भाषणात त्यांनी ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं वादळ आणलं, तेव्हापासून लोकांना वाटतं की फुलपाखराने वादळ आणलं. तसं नाही रे! जगातली प्रत्येक झुळूक मोजता येत नाही, आणि न मोजलेली झुळूक हिशोबात हळूहळू वाढत जाते, एवढंच. म्हणून हवामान खातं आता एकच अंदाज काढत नाही. सुरुवातीचे आकडे किंचित हलवून तेच गणित अनेकदा चालवतात आणि त्यातून शक्यता सांगतात. दोन आठवड्यांपलीकडे रोजचं हवामान नेमकं सांगणं जवळपास अशक्य.

जग कसं सुरू झालं याच्या पुराणकथांचंही तू फोनवर काढलंस, म्हणून तेही लिहितो. बाबिलोनच्या कथेत तियामत म्हणजे खाऱ्या पाण्याची आदिमाता, खवळलेली. मार्दुक देव तिला मारतो, देह मधोमध चिरतो, एका भागाचं आकाश करतो, आणि तिच्या डोळ्यांतून तिग्रिस आणि युफ्रेटिस वाहू लागतात. गोष्ट झकास, पण मला पटत नाही. गोंधळ एकदाचा मारला आणि मग सुव्यवस्था, असं राजालाच सोयीचं असतं. ग्रीकांचा कवी हेसिओड म्हणतो, सगळ्यात आधी 'खाओस', म्हणजे आकार नसलेली पोकळी, मग पृथ्वी. तिथे सुरुवातीला मारामारी नाही, पण तोही पुढच्या वंशावळीत रमतो. मला जवळचं वाटतं ते ऋग्वेदाचं नासदीय सूक्त, दहाव्या मंडलातलं १२९ वं. अंधाराने झाकलेला अंधार, खूण नसलेलं पाणी, आणि शेवटी ऋषी म्हणतो की हे कुठून आलं ते वरून पाहणाऱ्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल. एवढ्या थोर सूक्ताचा शेवट शंकेवर करायला छाती लागते.

फरक एकच. या सगळ्या कथांत गोंधळ आधी, व्यवस्था नंतर. लॉरेन्झच्या कागदावर मात्र दोन्ही एकाच वेळी, एकाच सूत्रात.

शेजारच्या दादाला मी यातलं काही सांगितलं नाही. त्याला पंचनामा हवा होता, तो करून घेतला, आणि पडलेल्या घडांतले जे कापता आले ते त्याच दिवशी गाडीत भरले. पुढच्या बागेला दोघं मिळून पश्चिमेला शेवरीची दुहेरी रांग आणि आत गजराज गवत लावतोय. वारा कुठून घुसेल ते सांगता येत नसलं तरी जोर बहुतेक तिकडूनच असतो.

गणित करून बघ, दहाव्या फेरीला तुझं उत्तर काय येतं ते कळव. आणि दिवाळीनंतर ये, तेव्हा भरताची वांगी छान असतात.

तुझाच,
नाना