ज्यांनी माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला, त्यांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची माझी छोटी प्रतिकृती पूर्ण होऊन आज आठ दिवस झाले. या आठ दिवसांत तुम्हाला फोन करावा असे कितीदा तरी मनात आले, पण बोलताना कंठ दाटून येईल आणि जे सांगायचे ते नेमके राहून जाईल, या भीतीने प्रत्येक वेळी थांबले. म्हणून हे पत्र लिहायला घेतले आहे. ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे, कारण छोट्या विमानांची जुळणी करायला हौसेने बसलेल्या आणि अर्ध्यावरूनच उठून गेलेल्या आणखी कुणाच्या तरी ते हाती पडावे, अशी माझी इच्छा आहे.

अर्धवट जोडलेल्या विमानांची माझ्या कपाटातली अकरा खोकी तुम्ही पाहिली आहेत. त्यांतले एकही विमान मी कंटाळून सोडले नव्हते. प्रत्येकाचा एखादा सांधा मला डाचत होता, आणि तो घालवण्याच्या नादात मी इतके घासत गेले होते, की बाकीचे विमानच बिघडले होते. ही सवय मला कशी लागली, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. तुम्हीही विचारले नाही. एका प्रदर्शनात मी माझे पहिले पूर्ण झालेले विमान, त्याच युद्धातले हरिकेन, मांडले होते. खऱ्या हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडाने मढवलेला असे. त्या कापडाचा ताण आणि खालच्या लाकडी पट्ट्यांचे पुसट उंचवटे रंगातून दिसावेत म्हणून मी अनेक रात्री खर्ची घातल्या होत्या. परीक्षकांपैकी एकाने खिशातून छोटा टॉर्च काढला, त्याचा झोत विमानाच्या पाठीवर तिरका धरला, ‘सांधा दिसतोय’ एवढेच म्हटले आणि ते पुढच्या टेबलाकडे निघून गेले. सांधा खरोखरच दिसत होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कापडाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही, हे मला फार लागले. पुढे एका अनुभवी गृहस्थांकडे शिकायला म्हणून गेले, तर त्यांनी माझ्या कामातल्या चुकांची लांबलचक यादी ऐकवली. त्या दुरुस्त कशा करायच्या असे विचारल्यावर ‘त्यासाठी नजर तयार व्हावी लागते’ असे म्हणून विषय संपवला. त्यानंतर सहा वर्षे माझ्या हातून एकही विमान पूर्ण झाले नाही.

तुम्ही चुकांकडे काणाडोळा करता, असे मात्र कुणी समजू नये. स्पिटफायरचे पंख मी पहिल्यांदा चिकटवले तेव्हा डावा पंख किंचित खाली आला होता. तुम्ही विमान डोळ्यांच्या रेषेत धरले, क्षणभर पाहिलेत आणि ‘हे चालणार नाही’ असे स्वच्छ शब्दांत सांगितलेत. मग जाड पुठ्ठ्यातून सहा अंशांचा साचा कापून दिलात, गोंद पुरता वाळण्याआधी पंख सोडवायला लावलेत आणि साच्यावर टेकवून रात्रभर तसेच ठेवलेत. पंखांची ती सहा अंशांची उचल बिघडली तर ते स्पिटफायर राहत नाही, हे तुमचे म्हणणे मला तेव्हाच पटले. जी चूक त्या विमानाची ओळख पुसते ती सोडायची नाही, एवढा एकच कडक नियम मी तुमच्याकडे पाहिला. बाकीच्या बाबतींत तुम्ही जे केलेत, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा आहे. रंगकाम झाले होते, डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, नीट बसावेत म्हणून चकचकीत वार्निशचा हात देऊन झाला होता आणि विमान रात्रभर वाळले होते. सकाळी दिव्याखाली धरले, तर उजव्या पंखाच्या मुळाशी, जिथे तो धडाला मिळतो तिथे, केसाएवढी रेघ चमकत होती. वार्निशला असे काही लपवता येत नाही. मॅट रंगाने झाकलेले सगळे ते उघडे करते. त्याच सांध्यात मी आधी तीनदा पुट्टी भरली होती, तीनदा घासली होती आणि त्या घासण्यात जवळच्या, पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या दोन कोरीव रेषा पार पुसून गेल्या होत्या. तरीही मी विमान घेऊन तुमच्याकडे आले, तुमच्या टेबलाशी बसले आणि चौथ्यांदा पॉलिश पेपर हातात घेतला.

तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. हिसकावला नाही, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा हळूच, माझी बोटे एकेक करून सोडवत घेतलात. त्या रिकाम्या हातात डिकॅलचा कागद ठेवलात, पाण्याची वाटी माझ्यापुढे सरकवलीत आणि स्वतःच्या कामाकडे वळलात. एक शब्दही बोलला नाहीत. पहिले वर्तुळाकार चिन्ह पाण्यात सुटले, मी ते पंखावर सरकवून ब्रशच्या टोकाने जागेवर आणले, तेव्हा माझा हात थरथरत होता आणि तुम्ही जाणूनबुजून मान वर करत नव्हता. सहा वर्षांत मी पहिल्यांदाच एका विमानाच्या पुढच्या टप्प्यावर पोहोचले होते, काका.

कारण तुम्ही नंतर सांगितलेत, चहा झाल्यावर, आणि तेही मी विचारले म्हणून. आपल्या विमानांच्या १:७२ या प्रमाणात सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो आणि सव्वाअकरा मीटर पंखांचे स्पिटफायर जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटरचे. मग ज्या कोरीव रेषा पुसल्या गेल्या म्हणून मी रडकुंडीला आले होते, त्यांचा हिशेब तुम्ही पेन्सिलीने मांडलात. साच्यातून आलेली रेषा ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तरी खऱ्या विमानावर ती १४ मिलिमीटरांची फट होते, बोटाचे टोक आत जाईल एवढी. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर. खोक्यातून निर्दोष म्हणून बाहेर येणारे सुटे भागच इतके चुकलेले असतात, आणि तरीही जोडून झाल्यावर ते विमान स्पिटफायर वाटते. हातभर अंतरावरून, समजा ६० सेंटीमीटरवरून, ते पाहणे म्हणजे खऱ्या विमानापासून ४३ मीटरांवर उभे राहणे आहे. तिथून पंखाच्या मुळाशी असलेली केसाएवढी रेघ कोण पाहणार, असे तुम्ही विचारलेत. उत्तर देण्याऐवजी मी विमान टेबलावर ठेवून दोन पावले मागे सरकले. रेघ गेली होती. विमान तेवढे उरले होते.

पट्ट्यांविषयी तुम्ही जे सांगितलेत ते मी अनेकांना ऐकवले आहे. जून १९४४ मधल्या, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईसाठी विमानांवर रंगवलेले तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे माझ्या स्पिटफायरवर आहेत. एकेक पट्टा खऱ्या विमानावर १८ इंचांचा, म्हणजे आपल्याकडे बरोबर पाव इंचाचा. टेपखालून काळा रंग झिरपून एका पट्ट्याची कड वाकडी झाली होती आणि ती खरवडून काढायची तयारीही मी केली होती. चढाईची गुप्तता राखण्यासाठी ते पट्टे रंगवण्याचा हुकूम अगदी शेवटच्या दिवसांत सुटला, तळावरच्या लोकांनी हाताला येईल त्या ब्रशने घाईघाईने विमाने रंगवली, आणि त्या काळच्या छायाचित्रांत कित्येक पट्ट्यांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात, हे तुमच्याकडूनच मला कळले. तुम्ही ती छायाचित्रे काढून माझ्यापुढे ठेवलीत. त्या कडांकडे पाहताना मला प्रथमच त्या रात्री ब्रश धरून उभ्या राहिलेल्या माणसांची आठवण झाली. तोवर मी फक्त रंगाच्या डब्याचा क्रमांक पाहत आले होते.

ज्याला पुष्कळ येते, त्याने दुसऱ्याचे उणे दाखवणे फार सोपे असते, आणि तसे दाखवणाऱ्यांना लोक जाणकार म्हणून मानही देतात. तुमची जाण त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. मला डाचणारी ती रेघ तुम्हाला माझ्याआधी दिसली होती, अशी माझी खात्री आहे. पण त्या क्षणी समोरच्या माणसाला काय हवे आहे, हे तुम्ही पाहिलेत. अशी सभ्यता मला आयुष्यात फार थोड्या ठिकाणी भेटली. ती भेटली की माणूस बराच काळ तिच्या बळावर चालतो, हे मी गेले आठ दिवस अनुभवते आहे.

आता टायगर मॉथ या एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचे खोके उघडले आहे. दोन पंखांच्या मधल्या ताणतारांसाठी प्लास्टिकच्या काडीला मेणबत्तीची धग देऊन तिचा बारीक धागा ओढायला तुम्ही शिकवले होते. पहिले दहा धागे तुटले, अकरावा जमला. तो जागेवर बसला आहे, थोडा सैल वाटतो, पण मी त्याला पुन्हा हात लावलेला नाही. रविवारी विमान घेऊन येईन.

माझा तो पॉलिश पेपरचा तुकडा अजून तुमच्याकडेच आहे. कृपा करून तो मला परत देऊ नका.

आपली नम्र,
स्पिटफायरवाली