राजीनाम्याचं विचारणार नव्हते

लालबाग, मुंबई
गुरुवार

चि. संदेश यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि बाबा कितीतरी वेळ बंद टीव्हीसमोर बसून राहिले. मीही नको ते बोलले. पण गॅसचा नंबर लावला म्हणून सांगावं तसं तू सांगितलंस, "राजीनामा दिलाय, आबांचा पेपर परत काढतोय." आजोबांचा पेपर परत काढायचा म्हणजे माणूस दचकणार नाही का?

राजीनाम्याचं विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

काल माळ्यावरची पेटी उतरवली. वर्गणीदारांची वही निघाली. कडा वाळवीने खाल्ल्यात, नावं शाबूत आहेत. पत्ते सगळे गावकीच्या खोल्यांचे. एकेका खोलीत एकाच गावची तीस-पस्तीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी, आणि सगळ्यांत मिळून अंक एक. ज्याला वाचता येई त्याने मोठ्याने वाचायचा. पालखी कधी, शाळेच्या कौलांना कुणी किती दिले, कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला, एवढंच त्यांना हवं असे. गावचं कुणी वारलं तर आबा ती बातमी पहिल्या पानावर घ्यायचे. एकदा मंत्री गावाला येऊन गेले, तेही आतल्या पानात. म्हणाले, "मंत्री परत येईल."

माझं काम खळ करायचं. लग्न होऊन आले आणि पहिल्याच गुरुवारी सासूबाईंनी पातेलं हातात दिलं. मैदा गार पाण्यात कालवायचा, मग चुलीवर ढवळत राहायचं, उतरवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. रात्री सगळ्यांनी बसून पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. बोटं हिरवट व्हायची. पैसे नसले तर लोक वर्गणीपोटी पायलीभर तांदूळ आणून देत, आमसुलं देत. आबा तेही जमेला धरत.

मग १८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यांत आपले बहुतेक वर्गणीदार. वहीत त्या जानेवारीपासून आबांच्या अक्षरात एकच शब्द आहे, 'संपानंतर'. ओळीखाली ओळ, पानामागून पान. अंक मात्र कुणाचा थांबवला नाही. प्रेसवाल्याची उधारी वाढत गेली. ताई पोटात होती तेव्हा माझ्या पाटल्या गेल्या. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, आताही सांगायचं नव्हतं.

आबांचं दैवत नारायण मेघाजी लोखंडे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' काढला, तो पैशाअभावी थांबला, लोखंड्यांनी १८८० साली मुंबईत आणून पुन्हा उभा केला. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली, ती त्यांच्यामुळे. आणि १८९७ च्या प्लेगात लोकांची सेवा करता करता स्वतःच गेले. आबा सांगायचे ते पेपर पुन्हा उभा राहिला म्हणून. मला त्यातलं 'पैशाअभावी' तेवढंच ऐकू यायचं. 'मूकनायक' निघाला तेव्हा बाबासाहेबांना शाहू महाराजांनी अडीच हजार दिले होते. तुझ्यामागे कोण आहे? कागद, छपाई, पोस्ट, जाहिराती कोण देणार? गावकीच्या खोल्यांच्या जागी टॉवर झालेत, या वहीतला एक पत्ता तरी आज लागेल का? आणि हाती असलेला पगार...

झालं, भाषण सुरू झालं. रागावू नकोस.

तू दुसरीत होतास तेव्हा जुन्या अंकातली मयतांची नावं जोरजोरात वाचायचास आणि आजी ओरडायची. गेल्या वर्षी गावची शाळा बंद पडल्यावर तू जो लेख लिहिलास, तो बाबांनी कापून बँकेच्या पासबुकात ठेवलाय. मला काल पैसे काढायला गेले तेव्हा कळलं. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, हे काय? म्हटलं, मुलाचं आहे. बाई कौतुकाने वाचत बसली आणि मागे रांग लागली.

वही कुरिअरने पाठवणार नाही, हरवेल. स्वतः येऊन घेऊन जा. मोरचूद आता कुठे मिळतो ते विचारून ठेवते.

तुझी,
आई

ता. क. शेजारचा पराग म्हणत होता, नोटिशीची मुदत संपेपर्यंत राजीनामा मागे घेता येतो. तुझी मुदत किती आहे?