बॅनेकर कोण होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या एका मराठी वाचकाचा वंशावर आधारित शिष्यवृत्त्यांविषयीचा लेख वाचला. त्यात 'खिरापत' हा शब्द तीनदा आला आहे. 'आपली मुलं रात्रंदिवस मेहनत करतात, त्यांना मात्र रंगावर मिळतं' असंही एक वाक्य आहे. मी मूळची कोल्हापूरची. गेली ३५ वर्षं मेरीलँडमध्ये राहते आणि त्यातली २२ वर्षं इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवलं. लेखातल्या त्या 'त्यांना'मधली, म्हणजे कृष्णवर्णीय, मुलं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, म्हणून हे पत्र.

लेखकाचं दुखणं खोटं नाही, हे आधी सांगते. प्रवेशात आशियाई मुलांना डावलतात म्हणून हार्वर्ड विद्यापीठावर झालेल्या खटल्यात जी कागदपत्रं बाहेर आली, त्यांत आशियाई मुलांना अभ्यासात वरचे गुण आणि 'व्यक्तिमत्त्वा'त मात्र सरासरीने कमी गुण दिलेले दिसले. खालच्या कोर्टाला त्यात मुद्दाम केलेला भेदभाव दिसला नाही, पण वाचताना माझ्या पोटात कालवलं. माझा मुलगा अकरावीत असताना त्याच्या शाळेतल्या समुपदेशक बाई मला म्हणाल्या होत्या, "गणितात फारच छान आहे, पण तुमच्याकडची मुलं असतात तसा जरा अबोल." माझा मुलगा अबोल! ढोलकी वाजवून मंडळाचा गणपती डोक्यावर घेणारा, शाळेच्या बसमध्ये सगळ्यांच्या नकला करणारा पोरगा. त्या बाईंनी त्याला पाहिलंच नव्हतं. 'तुमच्याकडच्या मुलां'चा एक साचा त्यांच्याकडे तयार होता, त्यात त्याला बसवून टाकलं. मी गाडीत येऊन रडले.

त्याच आठवड्यात आम्ही एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. पानावर बसल्या बसल्या कुणीतरी म्हणालं, "तुझ्या कॉलेजात सगळे काळेच ना? त्यांना कसलं गणित येणार!" मी आमटी वाढत होते, वाढतच राहिले. एक शब्द बोलले नाही. आज इतक्या वर्षांनी त्या बाईंच्या वाक्यापेक्षा माझं ते गप्प राहणं मला जास्त टोचतं. दोन्ही वाक्यं एकाच साच्यातून निघाली होती, आणि मला फक्त एकाचाच राग आला होता.

कॅल्क्युलसच्या वर्गात माझी एक विद्यार्थिनी होती. वडील बस चालवत, आई इस्पितळात रात्रपाळीला. मुलगी पेन्सिल इतकी दाबून लिहायची की मागच्या पानावर अक्षरं उमटत. सहामाहीत तिला ९४ गुण पडले, वर्गात सगळ्यांत जास्त. दोन वर्षं आमच्याकडे काढून पुढच्या दोन वर्षांसाठी विद्यापीठात जायचं होतं, आणि त्यासाठी विज्ञान शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांकरता ठेवलेली एक शिष्यवृत्ती तिला मिळाली. फॉर्मवर माझी सही हवी होती. वर्ग रिकामा होईपर्यंत ती दाराशी थांबली, मग आत येऊन म्हणाली, "हे कुणाला सांगू नका." मी कारण विचारलं. तिच्या गटातला एक मुलगा, ८१ गुणांचा आणि आपल्याच भारतीय घरातला, तिला म्हणाला होता, "तुला काय, तुला मिळणारच होती." त्यानंतरच्या आठवड्यांत मी पाहिलं, ती गणित सोडवताना डावा हात वहीवर आडवा ठेवायची. पार्ट्सने इंटिग्रेशन अचूक करायची आणि उत्तर झाकायची. विचारल्याशिवाय तोंड उघडेनाशी झाली. चुकलं तर 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं कुणीतरी म्हणेल, या धास्तीचं ओझं घेऊन ती फळ्याशी यायची. ८१ वाल्याला असलं काही ओझं नव्हतं, तो बिनधास्त चुकायचा.

आता बॅनेकरविषयी. आमच्याच राज्याच्या विद्यापीठात गुणवान कृष्णवर्णीय मुलांसाठी बेंजामिन बॅनेकर शिष्यवृत्ती होती. कुणी म्हणेल, वेगळी कशाला? तर याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलने एका कृष्णवर्णीय पदवीधराला केवळ रंगावरून दार बंद केलं होतं. वकील थर्गुड मार्शल यांनी खटला लढवला, तेव्हा १९३५ मध्ये कोर्टाच्या हुकमाने ते दार उघडलं, आणि १९३६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पदवीच्या वर्गांत पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी यायला १९५१ उजाडावं लागलं. हे फार जुनं नाही, माझ्या विद्यार्थ्यांच्या आजोबांच्या तरुणपणातलं आहे. पण १९९४ मध्ये अपील कोर्टाने ही शिष्यवृत्ती घटनेत बसत नाही असं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. मग विद्यापीठाने ती दुसऱ्या एका शिष्यवृत्तीत मिसळली आणि सर्व वंशांच्या मुलांना खुली केली. तिचं आजचं नाव बॅनेकर-की.

मागच्या गणपतीत मंडळातल्या एका गृहस्थांनी पेढे वाटले, त्यांच्या मुलीला बॅनेकर-की मिळाली म्हणून. पोरगी हुशार आहे, मला मनापासून आनंद झाला. मी सहज विचारलं, "बॅनेकर कोण होता, माहीत आहे का?" त्यांना वाटलं, कुणी देणगीदार असावा.

बॅनेकर १७३१ मध्ये इथेच, बाल्टिमोरजवळ जन्मलेला कृष्णवर्णीय शेतकरी. तंबाखूची शेती करता करता, शेजाऱ्याकडून पुस्तकं आणि दुर्बीण उसनी आणून तो खगोलगणित शिकला आणि स्वतः आकडेमोड करून पंचांग काढू लागला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांनी त्याआधी लिहून ठेवलं होतं की युक्लिडची भूमिती समजू शकेल असा काळा माणूस क्वचितच सापडेल. १७९१ मध्ये बॅनेकरने आपल्या पंचांगाची हस्तलिखित प्रत त्यांनाच पाठवली, सोबत गुलामगिरीवर खडसावणारं पत्र जोडून. २२ वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं दैवत कुठे मिळणार! त्या पेढ्यावरचं नाव हे होतं.

या विषयात खरी अडचण आहे, ती मी नाकारत नाही. नुसता रंग पाहिला तर नायजेरियाहून आलेल्या डॉक्टरची मुलगी आणि बसचालकाची मुलगी एकाच रकान्यात येतात. 'आशियाई' म्हटलं की मी आणि नखं रंगवण्याच्या दुकानात बारा तास उभी राहणारी व्हिएतनामी बाई एक होतो. घरची मिळकतही बघावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण 'फक्त मिळकत बघा' म्हणणारे लोक माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापाबद्दल क्वचितच पत्रं लिहितात. आणि २०२३ च्या २९ जूनला सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार बंद केला, त्याचा परिणामही समोर आहे. एमआयटीत आधीच्या काही वर्षांत सरासरी १३ टक्के असलेली कृष्णवर्णीय मुलं पुढच्याच तुकडीत ५ टक्क्यांवर आली, आशियाई मुलं ४१ वरून ४७ वर गेली. निकाल होता प्रवेशाचा, पण मिसुरी राज्याच्या ॲटर्नी जनरलने त्याच दिवशी विद्यापीठांना शिष्यवृत्त्याही बंद करायला सांगितलं. माझ्या विद्यार्थिनीला मिळाली तशी मदत आता किती मुलींना मिळेल?

आपल्या लेखकाने मेहनतीचा दाखला दिला म्हणून एक आठवण देते. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या पैशाने त्यांच्याऐवजी ग्रंथालयात बसून अभ्यास केला नव्हता. माझ्या वर्गातल्या मुलीचंही तेच. पैशाने फी भरली, गणितं तिने सोडवली.

ती मुलगी आज सिव्हिल इंजिनिअर आहे, राज्याच्या पुलांची तपासणी करते. नाताळात तिचं कार्ड येतं.

आपल्याला विनंती आहे की या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा अशी शिष्यवृत्ती घेऊन शिकलेल्या एखाद्या मुलीला लिहायला सांगा. भाषांतर मी करून देईन, मोबदला नको.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
मेरीलँड, अमेरिका (मूळ कोल्हापूर)