फाइल पाठवा, पण फॉन्टसकट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लेखकांसाठी आपण छापता त्या सूचनेत ‘मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा’ एवढंच असतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक. सव्वीस वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणीचं, दुकान चालवल्यावर मला ती सूचना अर्धी वाटते, म्हणून हे पत्र.

आमचं गाव कऱ्हाड. एसटीच्या पाटीवर ‘कराड’ असलं तरी जुनी माणसं लग्नपत्रिकेवर ‘कऱ्हाड’च घालायला लावतात. ह ला चिकटणारा तो आडवा अर्धा र म्हणजे आमच्या धंद्यातली परीक्षा. नवा फॉन्ट आला की मी आधी ‘कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या’ टाइप करून बघते. त्यात पास झाला तरच तो संगणकावर राहतो.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेची स्मरणिका माझ्याकडे होती. सरांना शेवटच्या रात्रीपर्यंत दुरुस्त्या करायच्या होत्या, म्हणून सगळं काम वर्डमध्येच ठेवलं. चौसष्ट पानं, म्हणजे छपाईचे सोळा-सोळा पानांचे नेमके चार फॉर्मे. सकाळी सर आले, “ताई, पीडीएफ राहू दे, छापखान्यातच करून घेतो,” म्हणाले आणि वर्डची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेले. मीही बरं म्हटलं. चूक माझीच.

छापखान्यातल्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता. अशा वेळी वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं, आणि फॉन्टच्या चौकटीत नाव मात्र मूळ फॉन्टचंच दाखवतं. त्या दुसऱ्या फॉन्टच्या ओळी उंच, त्यामुळे चौसष्टची सदुसष्ट पानं झाली. तिथल्या मुलाने अक्षर एक पॉइंटने बारीक करून ती पुन्हा चौसष्टात बसवली आणि त्याचीच पीडीएफ काढली. आता त्या पीडीएफमध्ये फॉन्ट नीट एम्बेड झालेला, म्हणजे फाइलच्या आतच बसलेला होता, फक्त तो भलताच होता! देणगीदारांच्या यादीत ‘कुऱ्हाडे’ आडनावाची तीन घरं होती. तिन्ही ठिकाणी र खाली टिंब, त्याला पाय मोडलेला आणि पुढे ‘हाडे’ सुटं. पाचशे प्रती छापून झाल्यावर हे एका आजोबांच्या लक्षात आलं. त्यांनी पाच हजार दिले होते. मग शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही पाचशे शुद्धिपत्रं चिकटवली.

श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जमान्यात असं होत नसे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात बसवलेली असायची. समोरच्याकडे फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अगडबगड दिसायचं आणि छापखान्यातून लगेच फोन यायचा. चूक बोंबलायची. युनिकोडमध्ये ‘क’ हा कुठेही ‘क’च राहतो. ही सोय मोठीच, पण त्यामुळे फॉन्ट बदललेला कळत नाही आणि चूक गप्प बसते. युनिकोड सांगतं अक्षर कोणतं ते. ते कागदावर कसं उमटेल, जोडाक्षर कसं जुळेल, ल आणि श मराठी वळणाचे येतील की हिंदी, हे फॉन्टच्या हातात असतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’ या भागात फाइलमध्ये फॉन्ट एम्बेड करण्याची चौकट असते, तिच्यावर टिक करायची. लिब्रेऑफिसमध्ये तीच सोय फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘फॉन्ट’ या टॅबवर आहे. वर्डमध्ये त्या चौकटीखाली ‘वापरलेली अक्षरंच घाला’ अशी आणखी एक चौकट आहे. फाइल लहान होईल म्हणून लोक तिच्यावरही टिक करतात. प्रूफ वाचायचं बाकी असेल तर तिच्यावर टिक करू नका, कारण दुरुस्तीत नवं अक्षर आलं की ते त्या फाइलमध्ये नसतंच. पीडीएफ मात्र आपल्याच संगणकावर काढावी, म्हणजे जिथे तो फॉन्ट आहे तिथे. मग अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून ‘फॉन्ट्स’ उघडावं. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असलं की झोपायला हरकत नाही.

काही फॉन्ट मात्र एम्बेड होतच नाहीत. बनवणाऱ्याने तशी परवानगी फॉन्टच्या आतच नाकारलेली असते. फॉन्ट बनवणं हे कष्टाचं काम आहे, त्यामुळे माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा ठिकाणी फिरणाऱ्या कागदाला असा फॉन्ट लावूच नये. आयआयटी मुंबईचा शोभिका, मुक्ता, नोटो हे खुल्या परवान्याचे फॉन्ट फुकट मिळतात आणि बिनदिक्कत एम्बेड करता येतात.

आमच्याकडे फ्लेक्सवाले विचारतात, “कर्व्ह करून आणलीय का?” म्हणजे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल क्यू दाबून अक्षरांची चित्रं केली का. पत्रिकेला ते चालतं. पण मुहूर्ताची वेळ बदलली की त्या फाइलमध्ये एक आकडाही टाइप करून बदलता येत नाही, आणि मुहूर्त बदलतातच.

शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती यांचे कागद तर वर्षानुवर्षं राहायचे. अशा जतनाच्या कागदांसाठी पीडीएफ-ए हे आंतरराष्ट्रीय प्रमाण 2005 पासून आहे, आणि त्यात सगळे फॉन्ट फाइलच्या आत असणं सक्तीचं आहे. वर्डमध्ये पीडीएफ काढतानाच ऑप्शन्समध्ये तो पर्याय मिळतो. माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी तो कुणी निवडून आणलेला मी अजून पाहिला नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की आपल्या सूचनेत एक ओळ वाढवावी: ‘फॉन्टचं नाव कळवावं आणि मजकुराबरोबर फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ ताडून पाहण्यासाठी जोडावी.’ दिवाळी अंकाचं साहित्य मागवण्याआधी ती छापली तर अनेकांचं शुद्धिपत्र वाचेल.

या पत्राबरोबर तशी पीडीएफ जोडली आहे. छापण्याआधी खाली गावाचं नाव तिच्याशी एकदा ताडून पाहावं.

आपली नम्र,
एक डीटीपी चालक, कऱ्हाड