जमीन, खोल्या की ठिकाण?

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या मनात पुण्याबाहेर भुगावच्या पुढे दोन गुंठे घेऊन बैठं घर बांधायचं आहे आणि आईला कोथरूड सोडवत नाही. आहे त्या पैशात जमीन, ऐसपैस खोल्या आणि ठिकाण, तिन्ही बसणार नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: आधी जमीन सोडा, मग एखादी खोली, पण ठिकाण सोडू नका.

दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट. सामासिक अंतरं (घराभोवती मोकळी सोडावी लागणारी जागा), सेप्टिक टँक आणि गाडीची जागा गेली की बागेला कुंपणालगतची पट्टीच उरते. उन्हाळ्यात बोअर आटलं की टँकर मागवायचा, आणि रात्री दवाखाना गाठायचा तर चांदणी चौक ओलांडून यायचं. तरीही प्लॉट बघायचाच असेल, तर 'एनए आहे', म्हणजे जमीन बिनशेती झाली आहे, या तोंडी शब्दावर विसार देऊ नका. बिनशेती आदेश, मंजूर लेआउट आणि मोजणी नकाशा मागा. सातबारा स्वतंत्र होणार की दहा-बारा जणांच्या सामाईक उताऱ्यावर नाव चढणार, हेही विचारा. सामाईक असेल तर बांधकाम परवानगी आणि पुढची विक्री, दोन्ही अडतात.

सिंहगड रोडला नदीकडचा फ्लॅट स्वस्त वाटला, तरी आधी निळी पूररेषा, म्हणजे नकाशावरची नदीच्या पुराची हद्द, बघा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की सखल भागातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं.

कोथरूडमध्ये दोन खोल्या-किचन पुरेल. क्षेत्रफळ विचाराल तेव्हा रेरा कार्पेटच, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे मोजलेलं घराच्या आतलं क्षेत्रफळच, विचारा. त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. आई, जाताना टेप ने आणि बाथरूमचं दार चौकटीच्या आतून मोज. अडीच फुटी दाराची चौकट आणि उघडलेली फळी वजा केली की जेमतेम सव्वादोन फूट मिळतात. त्यातून वॉकर कसाबसा जातो, व्हीलचेअर अडकते. तीन फुटी दार बसवता येईल का, ते गवंड्याला दाखवून घ्या. तिथल्या जुन्या तीन मजली इमारतींत बहुतेक लिफ्ट नसते, म्हणून तळमजला नाहीतर लिफ्टवाली सोसायटीच बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झालाय का, हे सेक्रेटरींना थेट विचारा. झाला असेल तर निदान दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागतील. या वयात दोनदा सामान हलवणं मला नको वाटतं. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, तेही त्याच वेळी विचारा.

घर आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. 80 लाखांवर 80 हजार वाचतात. आवडलेल्या फ्लॅटच्या इंडेक्स टूचा, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याचा, फोटो मला पाठवा. वकिलांकडून मालकीच्या 30 वर्षांच्या नोंदींचा सर्च करून घेते, तोवर टोकन देऊ नका.

तुमची,
ताई